विमानाचं इंजिन करणारी जाऊ

माझं अक्षर चांगलं नाही आणि शुद्धलेखन तर त्याहून वाईट. ऱ्हस्व कुठं, दीर्घ कुठं हे चौथीत नीट कळायच्या आत माझी शाळा सुटली. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर वाचणाऱ्यानं माफ करावं, आणि वाचून झाल्यावर जिथं सापडली तिथंच ठेवून द्यावी. वही पोरीची आहे, बारावीच्या रसायनशास्त्राची. मागची पानं कोरी राहिली होती. पुढून तिची सूत्रं आहेत, मागून मी आहे.

लिहायचं आहे माझ्या धाकट्या जावेबद्दल. तिचं नाव लिहीत नाही. ती विमानाची इंजिनं करते. हातानं नव्हे, संगणकावर आखते. एका दमात समुद्र ओलांडून जाणारी लांब पल्ल्याची जी विमानं पुढे निघणार आहेत, त्यांचं इंजिन कमी तेलात कसं चालेल, हे शोधायचं तिचं काम. लॉकडाऊन लागला तेव्हा ती आणि भावजी पुण्याहून धारूरला आमच्या घरी आले आणि पावणेदोन वर्षं राहिले. त्या पावणेदोन वर्षांत मी तिच्यावर जितकी जळले, तितकं आमच्या घरातलं सिलिंडरही जळलं नसेल.

सिलिंडर निदान मोजलं तरी जायचं. आल्यावर आठवड्याच्या आत तिनं कापूस मोजायचा काटा ओसरीतून उचलून स्वयंपाकघरात आणला आणि भरलेलं सिलिंडर त्यावर चढवलं. पुढं कापूस घरी येईपर्यंत ते तसंच काट्यावर बसून होतं. रोज सकाळी दात घासता घासता ती यायची, आकडा बघायची आणि भिंतीवर खडूनं लिहायची. काल किती गॅस गेला, काय काय शिजलं, झाकण होतं का नव्हतं.

"आक्का, काल डाळ उघडी शिजली का?"

स्वयंपाक मी करायचे. म्हणजे तो शेरा माझ्यावरच. पण ती कुणाला दोष द्यायला विचारत नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. तिला खरोखर जाणून घ्यायचं असायचं. डाळीचं झाकण आणि विमानाचं इंजिन यात तिला फारसा फरक वाटत नसे. "शंभरातला एक, आक्का," ती म्हणायची. "आमच्याकडे शंभरातला एक भाग तेल वाचवायला माणसांची उमेदीची वर्षं जातात. तुमचं तर झाकणावर भागतंय."

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आल्यागेल्याला ती भिंत दाखवायच्या. "शिकल्यालं मानूस घरात आलं की कशी बरकत येती बघा." वीस वर्षं मी भाकरी झाल्यावर चुलीच्या उरल्या विस्तवावर अंघोळीचं पाणी ठेवत आले. त्याला बरकत म्हणतात, हे मला त्या दिवशी समजलं.

दिसायला ती बारीक, केस कापलेले, चष्म्याला मागून दोरी बांधलेली. अंगात भावजींचे जुने शर्ट. जेवायची उभ्यानं, ताट हातात घेऊन फिरत फिरत. एकदा हौसेनं भाकरी थापायला बसली. परातीत पीठ पसरलं आणि त्यात बोटानं काहीतरी रेघा ओढत राहिली, वाकड्या पात्यासारख्या. इकडं तवा लाल झाला. शेवटी जी भाकरी पडली तिला चार कोपरे होते. आत्याबाई म्हणाल्या, "राहू दे गं, तिचं डोस्कं कामात हाय." माझी लग्नानंतरची पहिली भाकरी मोडली होती, ती आत्याबाईंनी शेजारणीला नेऊन दाखवली होती.

आमच्या ह्यांच्याकडं पिकअप आहे. धारूरच्या बाजारातून माल पोचवतात. गाडीच्या मागच्या बाजूला साखळ्या, तुटका जॅक, चाकाला लावायचे दोन दगड, ताडपत्रीची जुनी गुंडाळी असा पसारा कायम पडलेला. मी कितीदा म्हणाले असेन, एवढं रोज फिरवायचं कशाला, घरी टाका. ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. एका सकाळी जाऊ खाली उतरली, तिनं काट्यावरचं सिलिंडर घटकाभर बाजूला काढलं, सगळा पसारा एक एक करून काट्यावर ठेवला आणि आकडा ह्यांच्यासमोर धरला. टायरमधली हवा बघायला लावली. आठ दिवसांनी हे जेवताना सांगतात, "बाईनं सांगितलं आन् गाडीचं ॲव्हरेज वाढलं राव!"

मी वाढत होते. म्हणाले, "मीबी तेच सांगत व्हते."

"तू कावून सांगत व्हतीस? तुला काय कळतंय त्यातलं?"

जाऊ मधेच म्हणाली, "दादा, आक्का बरोबर होत्या." मला त्याचाही राग आला. माझी बाजूसुद्धा तिनंच घ्यायची!

माझा स्वभाव बोलका नाही. चार माणसांत मला शब्द फुटत नाही. जे बोलायचं असतं ते मनात दहादा तयार करते, तोवर माणसं उठून गेलेली असतात. तिचं उलटं. ती भिंतीशीही बोलायची.

माडीवरची खोली तिला दिली होती. दिवसभर वर बसायची. सकाळचा चहा, अकराचा चहा, चारचा चहा मी वर न्यायचे. पायऱ्या सतरा आहेत. संध्याकाळी ती गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून आभाळाकडं बघत उभी राहायची. विमान गेलं की टाकीवर खडूनं एक रेघ मारायची. आमच्याकडून विमानं फार उंचावरून जातात, नुसता पांढरा पट्टा दिसतो. लॉकडाऊनमध्ये तर कधी दिवसाला एखादंच. एक जरी गेलं तरी तिचा चेहरा उजळायचा. किल्ल्याकडं फिरायला येणारी पोरं खालून ओरडायची, "मॅडम, उतरलं का विमान?" ती हात हलवायची. मला वाटायचं, येडी हाय.

एकदा मी दोरीवरचे कपडे काढायला गच्चीवर गेले तर मला थांबवून म्हणाली, "आक्का, हे जे चाललंय ना, हे एका फेरीत किती तेल पितं सांगू? आपल्या इथं उन्हाळ्यात पाण्याचे टँकर येतात ना, तसले आठ-दहा."

"आठ-दहा टँकर? वर कसं नेतंय तेवढं?"

"तेच तर," ती म्हणाली. त्या वेळी मला वाटलं, ती आपली विमानाची बढाई मारते आहे.

तिचं काम नक्की काय, हे मला तूर उफणताना कळलं. अंगणात मोठा पंखा लावला होता. लवकर आटपावं म्हणून मी तो फुल्ल केला, तर कोंड्याबरोबर दाणेही उडायला लागले. जाऊ धावत आली. "आक्का, जोर कमी करा, आणि पंखा लांब ठेवा. पसरून येऊ दे वारा." तसं केलं तर दाणा बरोबर सुपाखाली आणि कोंडा पलीकडं. ती डोळ्यांत धूळ जाईपर्यंत तिथंच बसली आणि सांगत राहिली. पूर्वीची इंजिनं थोडा वारा फार जोरात मागं फेकायची, त्यात आवाजही लई आणि तेलही लई. आता इंजिनाच्या तोंडाशी पुरुषापेक्षा उंच पंखा असतो. तो भरपूर वारा सावकाश ढकलतो, तेवढ्याच कामाला तेल कमी लागतं.

मी म्हणाले, "मग आनखी मोठा करा की पंखा."

ती टाळी वाजवून हसली. "तिथंच सगळं अडलंय! मोठा केला की जड होतो. जड झाला की त्यालाच उचलायला तेल. आणि विमानाच्या पंखाखाली मावत नाही, जमिनीला टेकतो. मोठा पाहिजे, पण जड नको. एवढंच माझं काम."

आणि मला समजलं. हेच मला सोसलं नाही. समजलं नसतं तर बरं झालं असतं. आपल्याला नाही कळत, देवानं एकेकाला दिलेलं असतं, म्हणून गप राहता आलं असतं. पण समजलं.

माझं माहेर शिरूर कासारकडचं. दिवाळी झाली की आमचं अर्धं गाव ऊसतोडीला जायचं. चौथीपर्यंत मला मामाकडं ठेवलं होतं, म्हणून शाळा झाली. गणितात मी वर्गात पहिली यायचे. गुरुजी घरी आले होते, म्हणाले, पोरीला ठेवा. पण मामी आजारी पडली, आणि धाकटा भाऊ तेव्हा रांगत होता. फडावर आई ऊस तोडताना त्याला धरायला कुणीतरी पाहिजे होतं. मी धरला. पुढं त्यानं दहावी केली. मला त्याचा हेवा वाटत नाही, तो माझ्याच कडेवर वाढला. जावेचा मात्र वाटतो. ती कधी कुणाला कडेवर घेऊन फडाच्या बांधावर बसली नाही, हा तिचा गुन्हा नाही. तरी वाटतो.

त्यात माझी पोरगी. ती रात्रंदिवस माडीवर. "काकूसारखं व्हायचंय मला." काकूसारखे केस कापायचे, काकूसारखं उभ्यानं जेवायचं. मी म्हणाले, खाली बस. तर म्हणाली, "तुला नाही कळायचं, आई."

आता तो दिवस सांगते. पाऊसकाळ संपत आला होता. दारात एक कुरिअरवाला आला आणि जावेनं वरून एक खोकं आणून त्याच्या हातात दिलं, सही केली. मी विचारलं नाही. चारला चहा घेऊन वर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. ती नेहमीसारखी टेबलाशी बसली होती, कानात वायर होती, आणि मोठ्यानं इंग्रजी बोलत होती. पण टेबलावर काहीच नव्हतं. वायरीचं दुसरं टोक मांडीवर मोकळं पडलेलं होतं.

मला बघून ती थांबली. चहाचा कप मी टेबलावर ठेवला. पूर्वी तिथं ठेवायला जागा नसायची.

"आक्का," ती म्हणाली, "मला काढलं कामावरून. दीड महिना झाला. कंपनीनं आज संगणकही परत मागवला."

"कावून?"

"विमानंच उडेनात. मग इंजिन कोण घेणार?"

तेव्हा टाकीवरच्या त्या रेघा मला कळल्या. आम्ही पावसाचे ढग मोजतो तशी ती विमानं मोजत होती.

भावजींना माहीत होतं. पण त्यांचाच पगार निम्मा झाला होता आणि पुण्याच्या घराचा हप्ता डोक्यावर होता. आत्याबाईंना सांगायचं नाही असं दोघांनी ठरवलं होतं. कारण साधं होतं. तिचं काम आहे म्हणून तिला चूल नव्हती. काम नाही असं कळलं की दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या शेजारी परातीपाशी बसली असती, आणि एकदा बसली की उठायला मिळत नाही हे माझ्यापेक्षा जास्त कुणाला माहीत?

एक जागा निघाली होती, ती सांगत होती. बेंगळुरूला, पुढच्या लांब पल्ल्याच्या विमानाच्या इंजिनाचीच. तीन महिन्यांनी परीक्षा आणि मुलाखत. पण गणितं करून दाखवायला चांगला संगणक लागणार, तो चाळीस हजाराच्या खाली येत नव्हता.

मी खाली आले. आत्याबाई दळण निवडत होत्या. "काय करती गं ती?"

सतरा पायऱ्या उतरेपर्यंत ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. तिला काढून टाकलंय. तीन शब्द. मला चार माणसांत बोलता येत नाही, पण आत्याबाई तर एकट्याच होत्या.

"काम लई हाय तिला," मी म्हणाले.

हा माझा चांगुलपणा समजू नये. त्या घरात पहिल्यांदा मला असं काही माहीत होतं जे दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. ते मी लगेच देऊन टाकणार नव्हते.

माझ्याजवळ पैसे होते. सात वर्षं शेळ्या पाळून, बोकड विकून साठवलेले, ज्वारीच्या कणगीत डब्यात. बचत गटातल्या बायकांनासुद्धा सांगितलं नव्हतं. दोन दिवसांनी मी चाळीस हजार पदराखाली घेऊन माडीवर गेले आणि तिच्या टेबलावर ठेवले. ती नोटांकडं बघतच राहिली. "आक्का, हे तुमचे? मी कसे घेऊ?"

"घे. सवडीनं दे."

ती रडली. माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि खरं लिहायचं तर मला फार बरं वाटलं. इंजिन करणारी बाई माझं देणं लागत होती. त्या रात्री मी भाकरी थापताना गुणगुणले म्हणे, पोरीनं सांगितलं.

संगणक आला. आत्याबाईंना वाटलं, कंपनीनं नवा दिला. जाऊ पुन्हा दिवसभर वर. आता मी चहा घेऊन गेले की ती उठून उभी राहायची. मला ते आवडायचं. मी मुद्दाम थोडी थांबायचे.

मुलाखतीच्या आधी ती गच्चीवर फेऱ्या घालत एकटीच बोलत असायची. एक गोष्ट तिला नीट सांगता येईना. मी शेवया वाळत घालत होते. वैतागून म्हणाली, "ऐका आक्का, तुम्हाला कळतंय का बघा. विमान सोळा तास जाणार. शेवटच्या तासाचं तेल पहिल्या तासापासून वाहून न्यायचं. ते वाहायला आणखी तेल. म्हणजे इंजिनानं थोडं कमी प्यायलं, तर मुळात भरायचंच कमी लागतं. भरलं कमी की हलकं, हलकं झालं की आणखी कमी पितं. लांबच्या वाटेला थोडी बचत दुप्पट होऊन येते. हे मला दोन वाक्यांत सांगता येत नाही!"

"बैलगाडीवानी," मी म्हणाले.

"कशी?"

मग मी तिला सांगितलं. माझ्या लहानपणी आम्ही गाडीबैल घेऊन कारखान्याला जायचो. आठ-नऊ मुक्काम. गाडीत ज्वारी, भांडी, खोपीचं सामान, कोंबड्या, आम्ही पोरं, आणि बैलांसाठी कडबा. बाप कडब्याच्या पेंढ्या मोजून घ्यायचा, मुक्कामाला इतक्या आणि वर एक. कारखान्यावर गेल्यावर बैलांना उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, खायला असतंच. एका वर्षी आईला धास्ती वाटली आणि तिनं बापाला न सांगता अंथरुणाखाली पंधरा पेंढ्या जास्त भरल्या. घाट चढताना डावा बैल गुडघ्यावर बसला. बापानं गाडीतलं सामान उतरवलं, पेंढ्या सापडल्या. आईला वाटलं आता मार बसणार. बाप नुसता हसला. त्यानं त्या पेंढ्या मागून येणाऱ्या गाड्यांच्या बैलांना टाकल्या आणि म्हणाला, "वैरण वाटेपुरती. जास्ती घेतली की बैल संसार वढीत न्हाई, वैरणच वढतो. आन् वैरण वढायला आनखी वैरण खातो."

जाऊ फेऱ्या घालायची थांबली होती. "पुन्हा म्हणा," ती म्हणाली. मी पुन्हा म्हणाले. तिनं ते खडूनं टाकीवर लिहून घेतलं.

तिला ती नोकरी लागली. मुलाखतीत तिनं बैलाचंच सांगितलं म्हणे, आणि समोरची माणसं हसली आणि त्यांनी मान डोलवली. बातमी कळली तेव्हा ती धावत खाली आली आणि सगळ्यांच्या आधी मला मिठी मारली. कानात म्हणाली, "तुमच्यामुळे." मोठ्यानं मात्र आत्याबाईंना सांगितलं, "नवी नोकरी, पगार जास्त." आत्याबाईंनी पेढे वाटले. मोठ्यानं दुसरं काही सांगता येण्यासारखं नव्हतंच, हे मला कळतं. मीच तर ते झाकून ठेवलं होतं.

ती बेंगळुरूला गेली. त्यानंतर सणाला यायची तेव्हा स्वयंपाकघरात मला एकटीला गाठून पाच-पाच हजार हातात द्यायची. बरोबर एक चिठ्ठी, कशातून वाचवले त्याची. "रिक्षा सोडली, सायकल घेतली." "बाहेरचा चहा बंद." शंभरातला एक तिथंही. मी दर वेळी म्हणायचे, "राहू दे की, घाई कसली?" तिला वाटायचं, आक्काचं मन मोठं. मन मोठं नव्हतं. ते पैसे फिटू नयेत असंच मला वाटायचं. दर रविवारी तिचा फोन यायचा. आत्याबाईंशी दोन शब्द, पोरीशी अर्धा तास आणि शेवटी माझ्याशी, आवाज खाली करून, "आक्का, विसरले नाही हं मी." आठवड्यातून एकदा ती बाई मला असं म्हणायची. त्या एका वाक्यावर माझा आठवडा जायचा. भांडी घासताना मी मनात म्हणायचे, बोला कितीबी कौतुक तिचं, तिला विचारा ती कुणाचं देणं लागती.

असे वीस हजार फिटले, वीस राहिले.

मग पोरीनं एके दिवशी मोबाइलवर व्हिडिओ आणून दाखवला. मोठा हॉल, उंच मंच, जाऊ साडी नेसलेली. मागं पडद्यावर आधी इंजिनाचं चित्र आणि मग एकदम बैलगाडी, कडब्यानं लादलेली. ती इंग्रजीत काहीतरी बोलली. माणसं हसली. मग टाळ्या. खूप वेळ टाळ्या.

आम्ही सगळे ओसरीत होतो. आत्याबाई म्हणाल्या, "काय म्हणाली गं?"

पोरगी म्हणाली, "काकू म्हणती, माझ्या गावाकडं जुनी माणसं म्हणतात, वैरण वाटेपुरती घ्यावी, न्हाईतर बैल वैरणच वढतो."

"कुणाच्या गावाकडं?" मी विचारलं.

"माझ्या, म्हणती."

तिचं गाव पुणे. बैल तिनं पाहिला तो आमच्या दारातला, आणि त्यालाही ती लांबूनच नमस्कार करायची. आणि जुनी माणसं कोण? एक माणूस होता. त्याचं नाव होतं, त्याच्या पाठीला गाठ होती, आणि तो ते वाक्य घाटात गुडघ्यावर बसलेल्या बैलाशेजारी उभा राहून बोलला होता. त्याच्या लेकीनं ते जपलं आणि शेवया वाळत घालताना दिलं.

आत्याबाई म्हणाल्या, "किती बारीक ध्यान असतंय बाई तिचं गावाकडं!" आमचे हे म्हणाले, "म्हनून तर तिथवर गेली." पोरीनं व्हिडिओ पुन्हा लावला. मी आत गेले. ते माझ्या बापाचं आहे, एवढं म्हणायला हवं होतं. मनात दहादा तयार झालं. तोवर त्यांचा दुसरा विषय निघाला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोरीच्या मोबाइलवरून तिला स्वतःहून फोन केला. आयुष्यात पहिल्यांदाच.

"आक्का? काय झालं? सगळे बरे आहेत ना?"

"मला पैसे पाहिजेत. समदे."

"हो, हो. काही अडचण आहे का?"

"शेळ्या घ्यायच्यात."

शेळ्या घ्यायच्या नव्हत्या. तिनं विचारावं असं वाटत होतं, आक्का, रागावलात का? माझं काही चुकलं का? विचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं, फोनवर तोंड दिसत नाही म्हणून कदाचित सांगता आलं असतं. पण ती साधी बाई. तिला शेळ्याच कळल्या.

"आधी सांगायचं ना, आक्का. मीच लांबवत बसले, मला लाज वाटायला पाहिजे. आठ दिवसांत आणून देते."

आठव्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती आली. आत्याबाईंना आनंदानं काय करू नि काय नको झालं. जाऊ हातपाय धुऊन थेट स्वयंपाकघरात आली, दार लोटलं आणि पिशवीतून नोटा काढून माझ्यासमोर धरल्या. वीस हजार, एकदम.

"मोजा, आक्का."

"कशाला? तू मोजूनच आनले असशील."

"नाही, मोजा. हिशोब तो हिशोब."

मी मोजले. शक्य तितकं हळू मोजले. मधेच चुकल्याचं दाखवून पुन्हा पहिल्यापासून मोजले. ती उभी होती, दोरीचा चष्मा डोक्यावर सरकवून, परीक्षेचा निकाल ऐकायला उभ्या असलेल्या पोरीसारखी. मी एखादी नोट कमी निघावी म्हणून देवाची करुणा भाकत होते. कमी निघाली नाही.

"बरोबर आहे?"

"हाय."

तिनं मोठा श्वास सोडला. "फिटलं एकदाचं! आक्का, केवढं ओझं उतरलं तुम्हाला सांगू!" माझ्या दोन्ही खांद्यांना धरून हलवलं तिनं, आणि तिचे डोळे भरून आले होते, खरंच भरून आले होते. मग बाहेरून आत्याबाईंनी हाक मारली आणि ती हसत निघून गेली.

मला वाटलं तिला परत हाक मारावी, नोटा तिच्या पिशवीत कोंबाव्यात आणि म्हणावं, राहू दे तुझ्याकडं, शेळ्या नकोत मला. ओसरीवर पोरगी, आत्याबाई आणि आमचे हे तिच्याभोवती बसले होते. मी नोटा घडी करून डब्यात ठेवल्या आणि डबा कणगीत घातला. माझे चाळीसच्या चाळीस हजार पुरे झाले होते, आणि आता या घरात माझं कुणीच काही लागत नव्हतं.